आशियातल्या बायकांच्या कामाचा सामायिक डेटाबेस कसा उभारावा

नेपाळच्या २००८ च्या श्रमशक्ती पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग ८०.१ टक्के होता. २०१७-१८ च्या पाहणीत तो २६.३ टक्के निघाला. हे दोन आकडे एकाखाली एक ठेवून आलेख काढला, तर दहा वर्षांत नेपाळातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या हातचं काम गेलं असं कुणालाही वाटेल. त्यावर एखादा शोधनिबंधही लिहून होईल. खरं तर मधल्या काळात बदललं ते मुख्यतः मोजमाप. ऑक्टोबर २०१३ मध्ये जिनिव्हात श्रमसंख्याशास्त्रज्ञांची एकोणिसावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. घरापुरतं धान्य पिकवणं, पाणी आणणं, सरपण गोळा करणं हे काम आहे, पण रोजगार नाही, असं तिथे ठरलं. २००८ मध्ये घरापुरता मका पिकवणारी बाई श्रमशक्तीत धरली गेली होती. २०१७-१८ मध्ये तीच बाई, तेच शेत आणि तोच मका, पण मोजणीतून ती बाहेर.

वेगवेगळ्या देशांतल्या चार-पाच गटांनी मिळून लिंगभाव आणि विकासावरचे आकडे, अहवाल आणि मुलाखती एका जागी आणायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करावी हे इथे क्रमाने मांडते. स्त्री-अभ्यास केंद्रं, लहान संशोधन संस्था, कामगार संघटना आणि त्यांच्यासोबतचे ग्रंथपाल डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. अशा कामात सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं यावर बैठकांमागून बैठका होतात आणि आकड्याची व्याख्या कुठे लिहायची हा विषय चहाच्या वेळेला निघतो. हे उलटं व्हायला हवं.

पहिली पायरी: विषय आवळून घ्या

‘आशियातला लिंगभाव आणि विकास’ हे नाव प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर शोभतं. प्रत्यक्ष कामाला ते उपयोगाचं नाही. जपानमधली वेतनातली तफावत, अफगाणिस्तानातलं मुलींचं शिक्षण आणि श्रीलंकेच्या चहामळ्यातली मजुरी एकाच तक्त्यात कोंबली की कुठल्याच प्रश्नाचं धड उत्तर मिळत नाही. एक विषय आणि तीन-चार देश घ्या. या लेखात मी उदाहरण घेतलं आहे बायकांच्या कामाचं, पगारी आणि बिनपगारी दोन्ही. देश भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका.

मग डेटाबेसने ज्यांची उत्तरं द्यायला हवीत असे पाच प्रश्न कागदावर लिहा. प्रश्न नेमके हवेत. ‘महिला सक्षमीकरणाची स्थिती’ हा प्रश्नच नव्हे. ‘गेल्या वीस वर्षांत घरच्या शेतात विनावेतन राबणाऱ्या बायकांचं प्रमाण या चार देशांत कसं बदललं, आणि त्यातला किती बदल केवळ व्याख्येचा आहे?’ असा हवा. पुढे कोणी ‘हेही घालू या’ म्हणालं की या पाच प्रश्नांपैकी कशाला त्याचा उपयोग आहे ते विचारता येतं. ही यादी नसेल तर पहिल्याच वर्षी डेटाबेसचा माळा होतो.

दुसरी गोष्ट, तीन प्रकारचं साहित्य पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा: एक, संदर्भसूची (पुस्तकं, लेख, अहवाल); दोन, आकड्यांचे तक्ते; तीन, मूळ साहित्य (मुलाखती, फोटो, ध्वनिमुद्रणं). संदर्भसूची सगळ्या जगाला खुली करता येते. मुलाखतींचं तसं करता येत नाही. तिन्हींना एकच नियम लावायला गेलात तर एक तर सगळं कुलपात जाईल किंवा जे झाकायला हवं तेच उघडं पडेल.

आधी कोणाकडे काय आहे ते बघून घ्या. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र १९७४ पासून आहे. नीरा देसाईंनी ते सुरू केलं, आणि भारतातल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या सरकारी समितीचा अहवालही त्याच वर्षअखेरीस आला. मुंबईतच ‘स्पॅरो’ हा स्त्रियांविषयीच्या ध्वनी आणि चित्रांचा संग्रह आहे. पुण्यात विद्यापीठाचं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्र, दिल्लीत १९८० पासूनचं सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीज, कोलंबोत ‘सेन्वोर’ हे स्त्री-संशोधन केंद्र, लाहोर-कराचीत ‘शिर्कत गाह’ ही स्त्री-संस्था, सोलला इव्हा विद्यापीठाचं आशियाई स्त्री-अभ्यास केंद्र. यांच्याकडे कपाटंच्या कपाटं आहेत. त्यांच्या सूचीची प्रत मिळाली तर नव्याने टंकलेखन करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: दोन पानांचा करार

वकिली भाषा नको, पण तोंडी विश्वासावरही नको. नोंदी कोणत्या परवान्याखाली खुल्या होणार, एखादी संस्था बाहेर पडली तर तिने भरलेल्या नोंदींचं काय, सर्व्हरचं आणि संकेतनामाचं (डोमेनचं) भाडं अनुदान संपल्यावर कोण भरणार, वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, एवढं लिहिलेलं असावं. संदर्भसूची आणि तक्त्यांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देण्याच्या अटीवरचा परवाना पुरेसा आहे.

श्रेयाच्या कलमावर मात्र थोडा वेळ घालवा. सामायिक कामात आकडे भरतात बहुधा कंत्राटावरच्या मुली आणि निबंधावर नावं येतात प्राध्यापकांची. बायकांच्या न दिसणाऱ्या श्रमांवरचा डेटाबेस अशाच न दिसणाऱ्या श्रमांवर उभा राहावा, हे निदान आपल्याला तरी शोभत नाही. प्रत्येक नोंदीत ती भरणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव जाऊ द्या, आणि डेटाबेसचा संदर्भ कसा द्यायचा ते सांगताना ती नावं त्यात येतील असं ठरवा. अपवाद फक्त जिथे नाव उघड होणं धोक्याचं आहे तिथला, त्याविषयी पुढे.

ग्रंथपाल पहिल्या बैठकीपासून हवा. संशोधक आकड्यावर प्रेम करतो, ग्रंथपाल नोंदीवर. डेटाबेस टिकतो तो नोंदीमुळे.

तिसरी पायरी: एका आकड्याची एक ओळ

इथे घाई नको. बाकी सगळं चुकलं तरी सुधारता येतं. ही पायरी चुकली तर हजारो ओळी पुन्हा भराव्या लागतात.

भारताच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीचं, म्हणजे पीएलएफएसचं, उदाहरण घेऊ. २०१७-१८ च्या अहवालात बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्के आहे. त्याच अहवालात तो १७.५ टक्केही आहे. दोन्ही बरोबर. पहिला १५ वर्षांवरच्या बायकांचा, दुसरा सगळ्या वयांचा, म्हणजे पाळण्यातल्या मुलीही छेदात धरून. एका सहकाऱ्याने पहिला उचलला आणि दुसऱ्याने दुसरा, की भांडण ठरलेलं. शिवाय हे आकडे ‘नेहमीच्या स्थिती’चे आहेत, म्हणजे गेल्या वर्षभरात ती बाई साधारण काय करत होती याचे. त्याच पाहणीत ‘गेल्या सात दिवसांत काय केलं’ याचाही हिशेब असतो आणि तो आकडा निराळा येतो. हंगामी काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत तर हमखास.

म्हणून एका आकड्याच्या ओळीत निदान हे रकाने असू द्या: देश, प्रदेश, निर्देशकाचं नाव, आकडा, एकक, कोणाचा (वयोगट, लिंग, वैवाहिक स्थिती, ग्रामीण की शहरी), कोणत्या कालावधीतला, कोणत्या व्याख्येनुसार, पाहणीचं नाव आणि फेरी, अहवालाचं पान किंवा तक्त्याचा क्रमांक, आणि बाईला प्रत्यक्ष विचारलेला प्रश्न, तिच्या भाषेत, जसाच्या तसा. शेवटचा रकाना बहुतेकांना ओझं वाटतो. तो सोडू नका. ‘तुम्ही काम करता का?’ आणि ‘गेल्या आठवड्यात शेतात, गोठ्यात, दुकानात एक तास तरी काही केलंत का?’ या दोन प्रश्नांना एकच बाई दोन निरनिराळी उत्तरं देते.

‘कोणाचा’ या रकान्यातले खड्डे नीट बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, १३ ते ४९ वयाच्या आणि कधी ना कधी लग्न झालेल्या बायकांनाच विचारलं होतं. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायका त्यात आल्या, लग्न झालेल्या आणि न झालेल्याही. बांगलादेश आणि पाकिस्तानच्या तशाच पाहण्यांत मात्र लग्न झालेल्याच बायका असतात. कराची आणि कोल्हापूरचा आकडा शेजारी ठेवताना कोल्हापूरच्या अविवाहित मुली वगळून पुन्हा हिशेब करावा लागतो.

सरासरीचंही तसंच. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामासाठी बायकांची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ मिनिटं नोंदली गेली. वर्तमानपत्रांत हेच आकडे आले. पण ही सरासरी आहे त्या दिवशी घरकाम केलेल्यांची. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी ८१.२ टक्के आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के जणांनीच ते केलं होतं. न करणारे धरले तर बायकांची सरासरी २४३ मिनिटांवर येते आणि पुरुषांची थेट २५ वर. म्हणजे पुरुष तासाहून जास्त घरकाम करतो की अर्ध्या तासाहून कमी, हे तुम्ही कोणता छेद घेता त्यावर ठरतं. दोन्ही आकडे ठेवा, दोन स्वतंत्र ओळींत, आणि एकक लिहिताना ‘करणाऱ्यांमागे’ आणि ‘सर्वांमागे’ असं स्पष्ट लिहा.

व्याख्येच्या रकान्यासाठी आधी एक छोटी यादी तयार करून प्रत्येक व्याख्येला क्रमांक द्या. त्यात ‘२०१३ च्या परिषदेच्या आधीची’ आणि ‘नंतरची’ हा भेद हवाच. भारतापुरता आणखी एक बारकावा आहे. आपल्या पाहण्यांत फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२ हा संकेतांक मिळतो. घरकामासोबत घरासाठी जळण-चारा गोळा करणं, शिवणं, विणणं असंही करणारीला ९३. या दोघी श्रमशक्तीबाहेर मानल्या जातात. पण ९३ मधली बाई जे करते त्यातलं बरंचसं नेपाळच्या जुन्या पाहणीने श्रमशक्तीत धरलं होतं. तेव्हा ९२ आणि ९३ ची बेरीज करून ‘गृहिणी’ असा एक रकाना करू नका. तुलनेचा सगळा मसाला त्या ९३ मध्येच आहे.

पीएलएफएसचा तोच २३.३ टक्क्यांचा दर २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. त्यातली बरीचशी वाढ स्वयंरोजगारातली, आणि त्यातही घरच्या शेतात-दुकानात विनावेतन हातभार लावणाऱ्या बायकांची आहे. म्हणून दराच्या ओळीला कामाच्या प्रकाराची फोड जोडलेली हवी; नुसता दर कोणी उतरवून नेला तरी फोड सोबत गेली पाहिजे. आणि जानेवारी २०२५ पासून या पाहणीची नमुना-रचना बदलून ती दरमहा येऊ लागली, त्यामुळे तिथे ‘मालिका तुटली’ अशी खूण हवी. ही खूण एका वेगळ्या रकान्यात ठेवा, शेऱ्यात नको. शेरे कोणी वाचत नाही.

आणि काही वेळा मोजणीचं एककच बाईला गिळून टाकतं. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारं जोडपं मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. मुकादमाच्या वहीवरून मजुरांचा आकडा काढलात तर ओळ एक, माणसं दोन, आणि बाईची मजुरी वेगळी कुठेच नाही. अशी एककं इतर देशांतही भेटतात, जिथे कुटुंबाला मिळून ठेका दिला जातो तिथे तर नक्कीच. त्यांचं ‘व्यक्ती’मध्ये रूपांतर करून मोकळं होऊ नका. मूळ एकक ठेवा आणि शेजारी रूपांतराचं गृहीतक लिहा.

चौथी पायरी: वर्ष, जिल्हा, लिंग यांचे संकेत

वर्षाचा रकाना सोपा वाटतो. नेपाळचे सरकारी कागद विक्रम संवतात असतात. २०७४-७५ म्हणजे आपलं २०१७-१८, आणि त्यांचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं. बांगलादेश आणि पाकिस्तानचं १ जुलैला, आपलं १ एप्रिलला. पुढे थायलंड जोडलात तर तिथलं २५६० हे आपलं २०१७. म्हणून एक रकाना मूळ कागदावरच्या वर्षाचा आणि दोन रकाने इसवी सनातल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेचे. ‘२०१७-१८’ एवढंच लिहिलं तर ते नेपाळचं, ढाक्याचं की मुंबईचं, हे नंतर कोणी सांगू शकत नाही.

जिल्ह्यांच्या सीमा हलतात. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, पण २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत जुन्या सीमाच धरलेल्या आहेत. २०१९-२१ च्या फेरीत पालघर वेगळा आहे. आदिवासी तालुके पालघरकडे गेल्यामुळे ठाण्याचे आकडे कागदावर एकदम सुधारलेले दिसतात. नेपाळात ७५ चे ७७ जिल्हे झाले. बांगलादेशात २०१५ मध्ये ढाक्यातून मैमनसिंह विभाग निघाला आणि २०१८ मध्ये चित्तगाँग, कुमिल्ला, जेसोर यांची रोमन स्पेलिंगं बदलली. आपल्याकडे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावावरून जुळणी करूच नका. संकेतांक वापरा, आणि कोणत्या वर्षाच्या सीमा ते शेजारी लिहा. जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७, पण जम्मू-काश्मीरचा ०१ आहे. एक्सेल त्यातलं शून्य गुपचूप खाऊन टाकतं, म्हणून हा रकाना सुरुवातीलाच ‘मजकूर’ प्रकारचा करून ठेवा.

लिंगाच्या रकान्यात दोनच पर्याय ठेवायचे दिवस गेले. तृतीय लिंगाला मान्यता देणारा नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००७ चा, आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा तसाच ‘नालसा’ निकाल २०१४ चा, आणि बांगलादेशने हिजड्यांना २०१३ मध्ये मान्यता दिली. पण पाहण्यांनी हे कसं नोंदवलं ते देशागणिक आणि फेरीगणिक वेगळं आहे. मूळ पाहणीतला संकेत जसाच्या तसा ठेवा आणि तुमचा जुळवलेला संकेत दुसऱ्या रकान्यात द्या. हा नियम खरं तर सगळ्याच रकान्यांना लागू आहे: मूळ कधीही खोडायचं नाही.

पाचवी पायरी: संदर्भसूची, आणि लिप्यांचा घोळ

संदर्भसूचीसाठी झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरची गट-ग्रंथालयाची सोय फुकट आहे. फाइलींसाठी तिथे फुकट जागा ३०० एमबीच मिळते, म्हणून तिथे नोंदी ठेवा आणि पीडीएफ दुसरीकडे. शीर्षक तीनदा लिहा: मूळ लिपीत, रोमन लिप्यंतरात, आणि कामकाजाच्या सामायिक भाषेतल्या अनुवादात. सिंहली किंवा बांगला अहवाल केवळ इंग्रजी शीर्षकाने नोंदला तर त्या भाषेचा वाचक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सूचीत फक्त नामांकित नियतकालिकं भरून थांबू नका. १९३० मध्ये किर्लोस्करांनी सुरू केलेलं ‘स्त्री’, १९७७ चं ‘बायजा’, १९८९ पासूनचं ‘मिळून साऱ्याजणी’ यांत बायकांच्या कामाविषयी, मजुरीविषयी जे छापून आलं ते इंग्रजी संदर्भसूच्यांत सापडत नाही. ढाका, काठमांडू, कोलंबोलाही अशी मासिकं, मोर्च्यांची पत्रकं, संघटनांचे अहवाल आहेत. माझ्या मते सामायिक डेटाबेसचं खरं वेगळेपण इथेच आहे. आकडे तर जागतिक बँकेच्या पानावरही मिळतात.

शोधशब्दांचा कोश करताना दवाखान्यातली भाषा आणि घरातली भाषा दोन्ही घ्या. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये बीडमधून पुढे आला आणि सरकारने चौकशी समिती नेमली. इंग्रजी लेखांत ‘हिस्टरेक्टमी’ आहे, सरकारी मराठीत ‘गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया’, आणि मुलाखतीत बाई म्हणते ‘पिशवी काढली’. हे तिन्ही एका क्रमांकाखाली बांधले नाहीत तर बायकांचं स्वतःचं बोलणं शोधात येणारच नाही. प्रत्येक देशाच्या गटाने आपापल्या भाषेसाठी ही जोडणी करायची आहे, दिल्लीत किंवा बँकॉकमध्ये बसून करून मिळत नाही.

लेखकांची नावं हा वेगळाच ताप. इंडोनेशिया आणि म्यानमारमध्ये अनेकांना आडनाव नसतं. तमीळ नावात आद्याक्षर वडिलांच्या नावाचं असतं. आपल्याकडे लग्नाआधीचे लेख एका आडनावावर, नंतरचे दुसऱ्या, आणि मधले दोन्ही जोडून. संशोधकाचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा जागतिक ओळखक्रमांक, असेल तर तो घ्या. नसेल तर डेटाबेसचा आपला क्रमांक द्या आणि नावाची सगळी रूपं त्याखाली ठेवा.

मराठी मजकुरासाठी दोन तांत्रिक सूचना. जुन्या अहवालांच्या पीडीएफमध्ये श्रीलिपीसारखे युनिकोडपूर्व फाँट असतात. पानावर सगळं सुरेख दिसतं, पण मजकूर उचलून चिकटवला की नुसती गिचमीड. अशा फाइली फाँट-परिवर्तकातून काढा किंवा टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरने अक्षरओळख करून घ्या; मराठी, नेपाळी, बांगला, सिंहली या चारही भाषा त्याला येतात. नंतर रफार आणि जोडाक्षरं माणसाने वाचून तपासायची. दुसरी सूचना ‘ऱ्या’ची. ‘साऱ्याजणी’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘कामकऱ्यांच्या’ हे शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठतात: कधी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, कधी साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना दोन्ही एकच. शोधयंत्राला नाही. ‘शेतकरी बायकां’वरच्या डेटाबेसमध्ये ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द अर्ध्याच ठिकाणी सापडावा, याहून वाईट काय! आयात करतानाच सगळं एका रूपात आणणारा चार ओळींचा कोड लिहून घ्या.

सहावी पायरी: मुलाखती आणि सुरक्षितता

मूळ फाइलींच्या बाबतीत पहिला नियम असा की जी वाटायची परवानगी नाही ती ठेवू नका. डीएचएस, म्हणजे अमेरिकेच्या मदतीने अनेक देशांत झालेल्या लोकसंख्या आणि आरोग्य पाहण्यांच्या मालिकेतला कच्चा डेटा ज्याने त्याने स्वतः नोंदणी करून घ्यायचा असतो, पुढे वाटता येत नाही. तुमच्याकडे फक्त तो कुठे मिळतो याचा पत्ता आणि तुमचा गणिताचा कोड असावा. प्रश्नावल्या आणि छापील अहवाल मात्र उतरवून ठेवाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली आणि डीएचएसचं काम एकाएकी ठप्प झालं, तेव्हा प्रश्नावल्यांच्या प्रती स्वतःकडे असण्याचं मोल अनेकांना कळलं.

मुलाखतींसाठी तीन पातळ्या ठेवा: सर्वांना खुल्या, नोंदणी केलेल्या संशोधकांना, आणि फक्त मूळ गटाला. नाव बदलून भागत नाही. गाव, जात, वय, नवऱ्याचा धंदा आणि एखादी घटना एवढं कळलं की तालुक्यातला कोणीही माणूस ओळखतो. तक्त्यात पाचपेक्षा कमी जणींची चौकट आली तर आकडा झाकावा. हिंसाचाराविषयीच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षिततेचे नियम घालून दिले. एका घरातल्या एकाच बाईला विचारायचं, ते याचसाठी: सासू किंवा जावेला प्रश्न कळता कामा नयेत. डेटाबेसमध्येही तेच पाळा. एकाच घरातल्या दोन मुलाखती एकमेकींना जोडलेल्या दिसू देऊ नका.

संमती दोनदा घ्यायची. एक मुलाखतीसाठी, दुसरी ती साठवून इतरांना देण्यासाठी, आणि तीही बाईच्या भाषेत, वाचून दाखवून. नंतर तिने नको म्हटलं तर काढून टाकण्याची सोय हवी, आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा ते तिच्या हातातल्या कागदावर असावं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संशोधनाला काही सूट देतो. पण ती सूट अटींसह आहे, आणि सहभागी देशांचे कायदे वेगळे आहेत. सर्वांत कडक असेल तो पाळा, म्हणजे वाद मिटतो.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर आणि अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आल्यानंतर, कालपर्यंत उघडपणे काम करणाऱ्या बायकांची यादी ही एका रात्रीत धोक्याची वस्तू झाली. असे देश जोडताना नोंदकर्त्यांची नावं जाहीर पानावर नको, आणि खरी नावं व संकेत यांची जुळणी करणारी फाइल वेगळ्या देशात, वेगळ्या कुलपात असावी. ती कोणी आणि किती वेळात नष्ट करायची, हेही आधी ठरलेलं असावं.

सातवी पायरी: आता सॉफ्टवेअर

पहिल्या काही हजार ओळींना साधा तक्ता पुरतो. साफसफाईसाठी ओपनरिफाइन घ्या; ‘नाशिक’, ‘नासिक’ आणि शेवटी एक जागा सुटलेलं ‘नाशिक ’ अशी एकाच नावाची निरनिराळी रूपं शोधून एकत्र करायला ते मदत करतं. साठवण नेहमी यूटीएफ-८ सीएसव्हीमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या साध्या मजकूर-तक्त्यात. अशी फाइल दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीचा चुरा होऊ शकतो. ‘डेटा आयात करा’ या मार्गाने उघडायची सवय सगळ्यांना लावा. आकडे आणि फाइली वाढल्या, बाहेरचे वापरणारे आले, की मग डेटाव्हर्स किंवा डीस्पेस ही संग्रह सांभाळणारी सॉफ्टवेअरं. दोन्ही मुक्त आहेत, आणि डीस्पेस चालवणारं ग्रंथालय तुमच्या विद्यापीठात बहुधा असेलच. त्यांनाच विचारा, वेगळा सर्व्हर मांडू नका.

आठवी पायरी: तपासणी आणि निगा

दर दहावी ओळ दुसऱ्या देशातल्या व्यक्तीने मूळ अहवाल उघडून पुन्हा भरायची, आधीची न बघता. फरक आला तर कोणाचं चुकलं हे शोधण्याआधी नियमावलीत काय संदिग्ध होतं ते शोधा. दोन समंजस माणसांनी एकच पान वाचून वेगळे आकडे उचलले, तर दोष बहुतेकदा रकान्याच्या सूचनेत असतो. सूचना दुरुस्त करा, तिच्यावर तारीख घाला, आणि त्या सूचनेखाली आधी भरलेल्या ओळी पुन्हा बघा.

दर तिमाहीला डेटाबेसची एक गोठवलेली आवृत्ती क्रमांक देऊन झेनोडो या संशोधनाच्या खुल्या संग्रहावर चढवा. तिथे फुकट डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो आणि संस्थेचं संकेतस्थळ बंद पडलं तरी प्रत राहते. कोणत्या देशाची पाहणी साधारण कधी येते याचं एक वेळापत्रक भिंतीवर लावा आणि प्रत्येक पाहणीला एकीचं किंवा एकाचं नाव द्या. ‘सगळ्यांनी मिळून बघू’ म्हटलेलं कोणीच बघत नाही.

खुलं करण्याआधी पहिल्या पायरीतले पाच प्रश्न अशा माणसाला द्या ज्याचा या कामाशी संबंध नाही. एखादी पत्रकार, एखाद्या संघटनेतली कार्यकर्ती. शेजारी बसा, पण बोलू नका. नेपाळचे ते दोन आकडे ती उतरवून घेते आणि तरीही ‘बायकांचं काम गेलं’ असं लिहायला निघते का, ते बघा. लिहायला निघाली तर व्याख्येचा रकाना तक्त्यात अजून फार उजवीकडे, पडद्याबाहेर आहे. तो आकड्याच्या लगेच शेजारी आणा.